गुपित कशाचे आणि हिशेब कशाचा: लष्करी अणुसुरक्षा, संरक्षण खर्च आणि संसद

कायद्याचा अभ्यास करणाऱ्या एका तरुणाने विचारलेला प्रश्न असा आहे: अण्वस्त्रे, अणुपाणबुड्या आणि त्यांच्यासाठी इंधन तयार करणारी आस्थापने यांची सुरक्षितता आणि त्यांच्यावरचा खर्च संसदेला खरोखर तपासता येतो का? आणि ‘राष्ट्रीय सुरक्षेच्या कारणास्तव माहिती देता येत नाही’ असे सरकारने एकदा म्हटले की खासदारांच्या हाती काय उरते, आणि अशा वेळी एका सामान्य नागरिकाने काय करावे?

माझी तीस वर्षांहून अधिक नोकरी सरकारी लेखापरीक्षणात गेली. त्यातला मोठा काळ संरक्षण खात्याचे हिशेब तपासण्यात आणि शेवटची काही वर्षे संसदीय समितीपुढे जाणारी टिपणे तयार करण्यात गेली. त्या अनुभवावरून माझे उत्तर असे आहे की तपासता येते, परंतु त्यासाठी गुपित नेमके कशाचे आहे हे आधी ठरवून घ्यावे लागते. अणुभट्टीची रचना, पाणबुडीचा मार्ग, क्षेपणास्त्राचा पल्ला आणि अस्त्रांचा साठा ही गुपिते आहेत आणि ती तशीच राहिली पाहिजेत. प्रकल्पाला मूळ मंजुरी किती रकमेची होती आणि आजचा अंदाज किती आहे, सुरक्षेची शेवटची तपासणी कधी झाली, ती कोणी केली, तपासणाऱ्याचा वरिष्ठ कोण आहे आणि त्याने काढलेल्या त्रुटींपैकी किती अजून तशाच आहेत, यांतले काहीही शत्रूच्या उपयोगाचे नाही. मात्र अडचण येते तेव्हा सरकारी यंत्रणा याच गोष्टी आधी झाकते.

हे मला पहिल्यांदा कळले ते एका क्रेनमुळे. एका संरक्षण आस्थापनेत आम्ही तपासणीसाठी बसलो होतो. आमच्या खात्यात प्राथमिक विचारणेच्या कागदाला ‘हाफ मार्जिन’ म्हणतात, कारण कागदाच्या अर्ध्या भागात आमचा प्रश्न असतो आणि उरलेला अर्धा भाग उत्तरासाठी कोरा सोडलेला असतो. एका जड क्रेनच्या भारचाचणीचे प्रमाणपत्र दाखवा, अशी विचारणा मी केली होती. कोऱ्या भागात उत्तर आले की क्रेन प्रतिबंधित क्षेत्रात असल्याने तिच्याविषयीची कागदपत्रे गोपनीय आहेत. मी दुसरा कागद घेतला आणि लिहिले की कागदपत्र नको, प्रमाणपत्राचा क्रमांक आणि तारीख एवढेच कळवा. दोन दिवसांनी तारीख आली. ती अडीच वर्षांपूर्वीची होती, आणि कारखाने अधिनियमाप्रमाणे अशा क्रेनची कसून तपासणी दर बारा महिन्यांतून किमान एकदा व्हायला हवी होती. पुढच्या आठवड्यात क्रेन बंद ठेवून तिची चाचणी घेण्यात आली. त्या संपूर्ण व्यवहारात देशाचे कोणतेही रहस्य माझ्यापर्यंत पोहोचले नाही, आणि त्या क्रेनखाली उभे राहणाऱ्या माणसांच्या दृष्टीने जे महत्त्वाचे होते ते मात्र पोहोचले. पुढे संसदेच्या कामाकडे मी नेहमी याच नजरेने पाहिले.

आता प्रत्यक्ष उदाहरणाकडे वळतो. लष्करी अणुकार्यक्रमावर संसदेने ठेवलेल्या नजरेचा सर्वांत सविस्तर कागदोपत्री इतिहास ब्रिटनचा आहे, आणि सरकारी खर्चाचे हिशेब तपासणारी आपल्या संसदेची लोकलेखा समिती त्याच परंपरेतून आलेली असल्याने तो आपल्याला समजायलाही सोपा जातो. त्या इतिहासाची सुरुवात अपयशाने होते. १९७०च्या दशकात ब्रिटनने पाणबुडीतून डागायच्या आपल्या पोलारिस क्षेपणास्त्रांची टोके सुधारण्याचा ‘शेव्हलीन’ नावाचा कार्यक्रम हाती घेतला. मॉस्कोभोवतीचे क्षेपणास्त्रविरोधी कवच भेदता यावे हा त्याचा उद्देश होता. अंदाज १७.५ कोटी पौंडांच्या आसपास होता. कार्यक्रम हुजूर पक्षाच्या सरकारने सुरू केला, मजूर पक्षाच्या सरकारने चालवला आणि पुन्हा हुजूर पक्षाच्या सरकारने पुढे नेला, पण एवढ्या काळात संसदेला त्याचे नावसुद्धा सांगितले गेले नाही. जानेवारी १९८० मध्ये संरक्षणमंत्री फ्रान्सिस पिम यांनी सभागृहात त्याची माहिती दिली, तेव्हा खर्च १०० कोटी पौंडांवर गेला होता. त्यातला बराच भाग त्या दशकातल्या महागाईचा होता हे खरे आहे. तरीही १९८२ मध्ये तिथल्या लोकलेखा समितीने आपल्या अहवालात जे दाखवून दिले ते महागाईपेक्षा गंभीर होते, ते असे की एवढा मोठा प्रकल्प अनेक वर्षे चालू राहतो, त्याची किंमत अनेक पटींनी वाढते, आणि संसदेपुढे ठेवलेल्या अंदाजपत्रकांत त्याचा मागमूस लागत नाही.

पैसे खर्च झाले होते आणि ते संसदेनेच मंजूर केले होते. मात्र ते निरनिराळ्या शीर्षांखाली विखुरलेले असल्याने एकत्र बेरीज करणारे सभागृहात कोणी नव्हते. हिशेबात खोटे काहीच लिहावे लागत नाही, एक आकडा दहा ठिकाणी वाटून टाकला की पुरते. त्या अहवालानंतर ब्रिटिश संरक्षण मंत्रालयाने मोठ्या प्रकल्पांच्या खर्चाचे आणि वेळापत्रकाचे निवेदन दरवर्षी समितीला देण्याचे मान्य केले, आणि पुढे ब्रिटनचे राष्ट्रीय लेखापरीक्षण कार्यालय त्यावर अनेक वर्षे स्वतंत्र अहवाल काढत राहिले. संसदेची सध्याची ताकद जी काही आहे ती या सवयीतून आलेली आहे.

त्या सवयीचे फळ म्हणून २०१९ मधला एक अहवाल सांगतो, कारण खर्च आणि सुरक्षितता या वेगवेगळ्या गोष्टी नाहीत हे त्याच्याइतके स्वच्छ मी दुसरीकडे कुठे पाहिलेले नाही. त्या वर्षी एप्रिलमध्ये राष्ट्रीय लेखापरीक्षण कार्यालयाने निवृत्त अणुपाणबुड्यांचे काय झाले, एवढाच प्रश्न घेतला. उत्तर असे निघाले की १९८० पासून ब्रिटिश नौदलाने २० अणुपाणबुड्या सेवेतून काढल्या आणि त्यांतली एकही तोवर पूर्णपणे मोडीत काढलेली नव्हती. त्यांतल्या ७ स्कॉटलंडमधल्या रोसाइथ येथे आणि १३ इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या डेव्हनपोर्ट येथे पाण्यात तरंगत ठेवलेल्या होत्या. नऊ पाणबुड्यांच्या अणुभट्ट्यांत वापरलेले इंधन तसेच होते. २००४ नंतर एकाही पाणबुडीतून इंधन काढलेले नव्हते, कारण त्या कामाची जागा सुरक्षेच्या नव्या निकषांना उतरत नाही असे नियामकाने ठरवले होते. नियामकाने आपले काम केले. जागा सुधारण्याचे काम मात्र वर्षानुवर्षे पुढे ढकलले गेले, कारण दरवर्षीच्या अंदाजपत्रकात नव्या पाणबुडीपुढे जुनी पाणबुडी मागे पडायची.

या ढकलाढकलीची किंमत त्या अहवालाने आकड्यांत मांडली. १९८० ते २०१७ या काळात नुसत्या देखभालीवर ५० कोटी पौंड गेले. एक पाणबुडी मोडीत काढण्याचा अंदाज ९.६ कोटी पौंडांचा होता. साठवलेल्या २० आणि सेवेत असलेल्या १० अशा सर्व पाणबुड्यांची देखभाल आणि विल्हेवाट यांची पुढची एकूण जबाबदारी ७.५ अब्ज पौंडांची होती. ब्रिटनची पहिली अणुपाणबुडी ‘ड्रेडनॉट’ १९६३ ते १९८० अशी सतरा वर्षे सेवेत होती, आणि तिने गोदीत बांधलेल्या अवस्थेत काढलेला काळ त्याच्या दुपटीहून जास्त आहे. अहवाल आल्यावर दोन-अडीच महिन्यांत लोकलेखा समितीने मंत्रालयाच्या सचिवांना बोलावून साक्ष घेतली आणि स्वतःचा अहवाल दिला.

एका बाबीकडे मुद्दाम लक्ष वेधतो. या सगळ्या आकड्यांत एकाही अणुभट्टीची रचना नाही, एकाही पाणबुडीची हालचाल नाही, आणि तरीही गोदीशेजारी राहणाऱ्या लाखो लोकांच्या सुरक्षिततेविषयी जे जाणून घ्यायला हवे ते सर्व त्यांत आहे.

हाच प्रकार चालू प्रकल्पांचा. जानेवारी २०२० मध्ये त्याच कार्यालयाने तीन बांधकामे तपासली: बर्गफील्ड येथील अस्त्रजोडणीचे केंद्र, बॅरो येथील पाणबुडीबांधणीच्या सोयी आणि डार्बी येथील अणुभट्टीचे गाभे, म्हणजे इंधन असलेला आतला भाग, तयार करणारा कारखाना. तिन्ही मिळून खर्च १.३५ अब्ज पौंडांनी वाढला होता आणि विलंब पावणेदोन वर्षांपासून सव्वासहा वर्षांपर्यंत गेला होता. आराखडा पक्का होण्याआधीच बांधकाम सुरू करणे हे त्यातले एक मोठे कारण होते. आपल्याकडे पाटबंधाऱ्यांची कामे तपासलेल्या कोणालाही ते ओळखीचे वाटेल. डिसेंबर २०२३ मध्ये आणखी मोठे चित्र समोर आले. २०२३ ते २०३३ या दहा वर्षांच्या संरक्षण साहित्य आराखड्यात १६.९ अब्ज पौंडांची तूट निघाली, आणि अणुकार्यक्रमाच्या खर्चाचा अंदाज आधीच्या आराखड्याच्या तुलनेत ३८.२ अब्ज पौंडांनी, म्हणजे ६२ टक्क्यांनी, वाढलेला होता. अणुखर्चाला कुंपण घातलेले असल्याने त्यातला पैसा दुसरीकडे वळवता येत नाही. सुरक्षिततेच्या दृष्टीने हे बरे आहे, परंतु त्याचा अर्थ असाही होतो की उरलेली तूट रणगाडे, जहाजे आणि विमाने यांच्यावर येऊन पडते. हे संसदेला कळले ते आराखडा प्रसिद्ध झाला म्हणून. त्यानंतरच्या वर्षी तो प्रसिद्धच झाला नाही, आणि समितीने त्यावर उघड नाराजी नोंदवली. चाळीस वर्षांची सवयसुद्धा एका वर्षात थांबवता येते, याची मला या व्यवसायातली सर्वांत मोठी काळजी वाटते.

सुरक्षिततेच्या बाबतीत ब्रिटनची कहाणी अधिक नाजूक आहे. तिथे नागरी अणुकेंद्रांवर स्वतंत्र वैधानिक नियामक आहे, परंतु पाणबुडीची अणुभट्टी आणि काही लष्करी तळ यांच्यावर संरक्षण मंत्रालयाच्या आतलाच नियामक देखरेख करतो. मंत्रालयाच्या आतला तपासनीस निकामी असतो असे मी म्हणणार नाही, कारण मी असे निर्भीड अधिकारी पाहिले आहेत. परंतु त्याचे बळ त्याचा अहवाल कोण वाचतो यावर ठरते. जवळजवळ दहा वर्षे त्या अंतर्गत नियामकाचे वार्षिक अहवाल बाहेर येत होते, आणि प्रशिक्षित अणुअभियंत्यांची टंचाई हा धोका त्यांत वर्षानुवर्षे नोंदवलेला दिसत होता. २०१७ मध्ये राष्ट्रीय सुरक्षेचे कारण देऊन ते अहवाल प्रसिद्ध करणे थांबवण्यात आले. माणसे अपुरी आहेत ही गोष्ट शत्रूला कळू नये हा युक्तिवाद मी समजू शकतो. मात्र ती संसदेलाही कळली नाही तर माणसे भरण्यासाठी पैसा कोण मंजूर करणार, या प्रश्नाला त्या युक्तिवादात उत्तर नाही.

आणि मग डाउनरेची घटना. स्कॉटलंडच्या उत्तर टोकाला डाउनरे येथे ‘व्हल्कन’ नावाचे नौदलाचे चाचणीकेंद्र होते. पाणबुडीत बसवलेल्या गाभ्यासारखाच गाभा तिथल्या भट्टीत आधी चालवून पाहायचा, म्हणजे समुद्रातल्या भट्टीत जे पुढे घडू शकते ते जमिनीवर आधी दिसेल, अशी त्यामागची कल्पना होती. जानेवारी २०१२ मध्ये त्या भट्टीच्या शीतक पाण्यात किरणोत्साराचे अल्प प्रमाण आढळले. इंधनाच्या आवरणाला सूक्ष्म भेग पडली होती. बाहेर काही गेले नाही, कामगारांना इजा झाली नाही, आणि आंतरराष्ट्रीय श्रेणीत घटना शून्य पातळीची धरली गेली. स्कॉटलंडच्या पर्यावरण संस्थेला त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये कळवण्यात आले, पण माहिती मोजक्या लोकांतच ठेवायला सांगण्यात आले. संसदेला मात्र संरक्षणमंत्री फिलिप हॅमंड यांनी हे ६ मार्च २०१४ रोजी सांगितले, आणि तेही ‘व्हॅनगार्ड’ या पाणबुडीत सुमारे १२ कोटी पौंड खर्चून नवे इंधन भरण्याचा निर्णय जाहीर करताना. म्हणजे सुरक्षेची गोष्ट दोन वर्षांनी बाहेर आली ती खर्चाचे पान उलटताना.

मी त्या निर्णयाला चूक म्हणणार नाही. खबरदारी म्हणून इंधन बदलणे शहाणपणाचेच होते. माझे म्हणणे उशिराबद्दल आहे. शून्य पातळीची घटना सांगायला ज्यांना दोन वर्षे लागली, ते त्याहून मोठी घटना किती दिवसांत सांगतील, असा प्रश्न स्कॉटलंडमधल्या लोकांच्या मनात आला आणि तो अगदी रास्त होता.

अमेरिकेत वेगळा मार्ग काढलेला आहे. तिथे काँग्रेसने, म्हणजे अमेरिकेच्या संसदेने, १९८८ मध्ये कायदा करून अण्वस्त्रनिर्मितीच्या आस्थापनांसाठी पाच सदस्यांचे स्वतंत्र सुरक्षा मंडळ स्थापन केले. या मंडळाला आदेश काढता येत नाही, ते फक्त शिफारस करते. परंतु ऊर्जामंत्र्याला त्या शिफारशीला उघड उत्तर द्यावे लागते. नौदलाच्या अणुभट्ट्या मात्र त्याच्या कक्षेबाहेर आहेत. २०१८ मध्ये ऊर्जा खात्याने अंतर्गत आदेश काढून मंडळाच्या तपासनिसांची माहितीपर्यंतची पोच आक्रसण्याचा प्रयत्न केला, तेव्हा काँग्रेसने २०१९च्या अखेरीस संरक्षणविषयक वार्षिक कायद्यातच दुरुस्ती करून ती पोच अधिक भक्कम केली. संसदेने स्वतः भट्टीत डोकावायचे नसते. डोकावणाऱ्याचे दार कोणी बंद करणार नाही एवढे तिने पाहायचे असते, आणि ते तिने तिथे पाहिले.

आता आपल्याकडचे. अणुऊर्जा नियामक मंडळ १५ नोव्हेंबर १९८३ रोजी सरकारी आदेशाने स्थापन झाले. त्याचे माजी अध्यक्ष ए. गोपालकृष्णन यांच्या कारकिर्दीत, १९९५ मध्ये, अणुऊर्जा विभागाच्या आस्थापनांतल्या सुमारे १३० सुरक्षाविषयक त्रुटींची यादी तयार झाली होती. २००० साली सरकारने ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्राच्या आस्थापना या मंडळाच्या कक्षेतून काढल्या आणि केंद्राच्या अंतर्गत सुरक्षा परिषदेकडे सोपवल्या. पोखरणच्या चाचण्यांनंतर दोन वर्षांनी झालेल्या या बदलामागे लष्करी कामाची गोपनीयता होती हे उघड आहे. याचा अर्थ मुंबईकरांनी तरी नीट समजून घ्यावा, कारण ज्या केंद्राची भिंत ट्रॉम्बेच्या वस्तीला लागून आहे त्याची तपासणी तेव्हापासून त्याच केंद्राची माणसे करत आली आहेत.

अडीच वर्षांनी, २१ जानेवारी २००३ रोजी, कल्पाक्कमच्या इंधन पुनर्प्रक्रिया केंद्रात एक झडप निकामी झाली आणि अतितीव्र किरणोत्सारी द्रव जिथे सौम्य द्रव असायला हवा अशा टाकीत शिरला. ते केंद्रही भाभा केंद्राच्या अखत्यारीतले होते. नमुना घ्यायला गेलेल्या कामगारांना तिथे काय साचले आहे हे सांगणारी यंत्रणा त्या टाकीपाशी नव्हती. सहा कर्मचाऱ्यांना वार्षिक मर्यादेच्या कितीतरी पट किरणोत्सार लागला. ही बातमी लोकांना कळली ती अनेक महिन्यांनी, आणि ती कर्मचारी संघटनेच्या पाठपुराव्यामुळे. त्यानंतर केंद्राच्या संचालकांनी हा देशातला किरणोत्सार बाधेचा सर्वांत गंभीर अपघात असल्याचे मान्य केले. झडप कोणत्या बनावटीची होती हे जाणून घेण्याची संसदेला गरज नव्हती. मापक का बसवलेला नव्हता, हे मात्र विचारायला हवे होते.

आपल्या संसदेने काहीच केले नाही असे नाही, उलट एक काम फार चांगले झाले. भारताचे नियंत्रक व महालेखापरीक्षक यांनी २०१२ मध्ये नियामक मंडळाच्या कामगिरीवर अहवाल दिला. मंडळाला वैधानिक दर्जा नाही, स्थापनेपासून सुरक्षाधोरणाचा मसुदा झालेला नाही, दंडाची कमाल मर्यादा ५०० रुपये आहे, आणि ५७,४४३ वैद्यकीय क्षकिरण यंत्रांपैकी सुमारे ९१ टक्के यंत्रांची नोंदणीच नाही, असे त्यात दाखवले गेले. मुरली मनोहर जोशी यांच्या अध्यक्षतेखालील लोकलेखा समितीने २०१३ मध्ये त्यावर कडक अहवाल दिला. समितीचे अध्यक्षपद १९६७ पासून विरोधी पक्षाकडे देण्याची प्रथा आहे आणि तिच्या २२ सदस्यांपैकी बहुतेक सत्तापक्षाचे असतात, तरीही असे एकमुखी अहवाल येतात. या देशातल्या सर्वांत मोलाच्या संसदीय परंपरांपैकी ही एक आहे, असे मी मनापासून मानतो. दरम्यान सप्टेंबर २०११ मध्ये मांडलेले स्वतंत्र नियामक प्राधिकरणाचे विधेयक पंधराव्या लोकसभेबरोबर २०१४ मध्ये बारगळले. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने १९६२च्या अणुऊर्जा कायद्याची जागा घेणारा ‘शांती’ कायदा संमत केला आणि त्यात नियामक मंडळाला वैधानिक दर्जा दिला. चाळीस वर्षांची मागणी पूर्ण झाली याचा मला आनंद आहे. लष्करी आस्थापनांची तपासणी पुढे कोण करणार, आणि तो अहवाल संसदेच्या कोणत्याही समितीपर्यंत बंद पाकिटात का होईना पोहोचणार का, हे त्या कायद्याखालच्या प्रत्येक नियमाला विचारले पाहिजे.

खर्चाची बाजू आपल्याकडे अधिक कमकुवत आहे. २०२५-२६ साठी संरक्षणाची तरतूद ६.८१ लाख कोटी रुपयांची होती. ती चार अनुदान मागण्यांत, म्हणजे खर्चासाठी संसदेकडे मागितलेल्या वेगवेगळ्या रकमांत, विभागलेली असते आणि १९९३ पासून संरक्षणविषयक स्थायी समिती तिची छाननी करते. ही समिती किती उपयोगी पडते याचे उदाहरण २०१८चे आहे: भुवनचंद्र खंडुरी अध्यक्ष असताना उपसेनाप्रमुखांनी साक्षीत सांगितले की लष्कराची ६८ टक्के साधनसामग्री जुनाट वर्गातली आहे, आणि समितीने ते अहवालात जसेच्या तसे छापले. परंतु समितीच्या अहवालानंतर सभागृहात जे व्हायला हवे ते होत नाही. त्याच वर्षी १४ मार्चला सर्व मंत्रालयांच्या मागण्या चर्चेविना गिलोटिन लावून, म्हणजे सगळ्या एकदम मताला टाकून, अर्ध्या तासाच्या आत मंजूर झाल्या, आणि २३ मार्च २०२३ रोजीही सुमारे ४५ लाख कोटी रुपयांच्या मागण्यांचे तेच झाले. राफेल खरेदीवरच्या फेब्रुवारी २०१९च्या लेखापरीक्षण अहवालात किमती झाकून फक्त २.८६ टक्क्यांचा फरक छापला गेला. टक्केवारीचा पाया दिसत नसेल तर वाचणाऱ्याला ती पडताळून पाहता येत नाही. माझ्या मते तो चुकीचा पायंडा होता.

अणुपाणबुडीच्या बाबतीत शेव्हलीनची आठवण का येते तेही सांगतो. आपल्या ‘अरिहंत’ या अणुपाणबुडीची अणुभट्टी भाभा केंद्राने केली, ती १० ऑगस्ट २०१३ रोजी कार्यान्वित झाली, नौकेची जोडणी विशाखापट्टणमला झाली, आणि तिच्या गिअरबॉक्सचे काम आपल्या पुणे जिल्ह्यातल्या वालचंदनगरच्या कारखान्याने केले. पाणबुडी २०१६ मध्ये नौदलात आली, आणि तिची बहीण ‘अरिघात’ २९ ऑगस्ट २०२४ रोजी दाखल झाली. अभिमान वाटावा असेच हे काम आहे. मात्र संरक्षण, संशोधन आणि अणुऊर्जा अशा वेगवेगळ्या खात्यांत वाटल्या जाणाऱ्या या कामाची एकत्रित बेरीज कोणत्याही एका मागणीत दिसत नाही. लोकसभेच्या नियम २७० प्रमाणे समितीला कागदपत्रे मागवण्याचा अधिकार आहे, पण राज्याच्या सुरक्षिततेला किंवा हिताला बाधक असल्याचे सांगून सरकार कागद नाकारू शकते. त्यावर उपायही नियमांतच आहे: समितीच्या बैठका मुळातच खासगी असतात. नियम २६६ तसे सांगतो. म्हणून मूळ मंजुरी, आजचा अंदाज आणि झालेला विलंब हे तीन आकडे लोकलेखा समितीच्या बंद दालनात द्यायला कोणतीही खरी अडचण नाही. ब्रिटनमध्ये गुप्तचर संस्थांचे काम पाहणारी संसदीय समिती अशीच बंद दाराआड बसते, आणि २०१३च्या कायद्याने तिला अधिक अधिकारही मिळाले.

तुमच्या प्रश्नाचा शेवटचा भाग असा होता की एका सामान्य नागरिकाने काय करावे. तुमच्या खासदाराकडे जा आणि त्यांच्यासाठी प्रश्न लिहून द्या. प्रश्नासाठी १५ पूर्ण दिवसांची पूर्वसूचना लागते आणि प्रश्न १५० शब्दांत बसावा लागतो. त्यात ‘कसे’ हा शब्द टाळा, कारण ‘कसे’ विचारले की प्रश्न गोपनीय ठरून फेटाळला जातो. ‘किती’, ‘कधी’ आणि ‘कोणी’ एवढेच विचारा. मी आज असा प्रश्न लिहून दिला असता तर तो पुढीलप्रमाणे असता: ‘संरक्षणासाठी वापरल्या जाणाऱ्या अणुआस्थापनांची व अणुशक्तीवर चालणाऱ्या नौकांची सुरक्षातपासणी करणाऱ्या यंत्रणेचा प्रमुख कोणाला उत्तरदायी आहे, गेल्या पाच वर्षांत या यंत्रणेने किती तपासण्या केल्या व त्यांत नोंदवलेल्या त्रुटींपैकी किती प्रलंबित आहेत, या तपासण्यांचे अहवाल संसदेच्या कोणत्याही समितीस गोपनीय स्वरूपात दिले जातात काय, आणि अणुशक्तीवर चालणाऱ्या नौका सेवेतून निवृत्त झाल्यावर त्यांतील इंधन काढणे व त्या मोडीत काढणे यासाठी कोणत्या लेखाशीर्षाखाली व कोणत्या वर्षापासून तरतूद करण्यात येत आहे?’